कॅम्पबेल बेचा धक्का



बर्फावर खूप लिहून झालं. लेह झालं, तवांग झालं, कुपवाड्याचे दोन हिवाळे झाले. आज समुद्रावर लिहितो.

नोकरीची शेवटची दोन वर्षं मी पोर्ट ब्लेअरला काढली. २०२४ साली त्या शहराचं नाव श्रीविजयपुरम झालं, पण माझ्या मूव्हमेंट ऑर्डरवर पोर्ट ब्लेअर होतं, तेव्हा इथं तेच लिहितो. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस. एएससी. जवानाला पीठ, तांदूळ, डाळ, बटाटा, अंडी, डिझेल, रॉकेल वेळेवर पोहोचवणारं खातं. लग्नकार्यात कोणी विचारतं, "सीमेवर किती गोळ्या झाडल्या?" मी म्हणतो, "गोळ्यांचं सोडा, कांदे किती टन मोजले ते विचारा." लोक हसतात. पण माझी सगळी नोकरी त्यातच गेली, आणि त्याबद्दल मला काही कमीपणा वाटत नाही.

आता मी मुलीकडे राहतो, बंगळूरच्या इंदिरानगरात. इथं बसून ग्रेट निकोबारवर लिहायचं एक कारण आहे, ते आधी सांगतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला हा भाग वसला आणि त्याला इंदिरा गांधींचं नाव दिलं गेलं. सुरुवातीची बरीचशी घरं फौजेतल्या लोकांची. डिफेन्स कॉलनी आजही आहे. शंभर फुटी रस्त्यावरचा गोंगाट सोडून आत वळलं की काही फाटकांवर अजून कर्नल, विंग कमांडर अशा पाट्या दिसतात. बाकीच्या बंगल्यांचे कॅफे झालेत, कपड्यांची दुकानं झालीत. नातवंडं परदेशात, म्हातारा-म्हातारी वरच्या मजल्यावर, खाली भाड्याने हॉटेल. ज्याला इथं प्लॉट मिळाला त्याच्या तीन पिढ्यांचं भलं झालं.

त्याच बाईंच्या नावाचं आणखी एक ठिकाण देशात आहे, इंदिरा पॉइंट. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, म्हणजे भारताचंही दक्षिण टोक. कन्याकुमारी त्याच्या वर राहते. पूर्वी त्याला पिग्मॅलियन पॉइंट म्हणत. १९६९ पासून पुढची दहा-अकरा वर्षं सरकारने त्या बेटावर निवृत्त सैनिकांची कुटुंबं नेऊन वसवली. एकूण ३३० च्या आसपास. पंजाबी जास्त, मग तमिळ, मलयाळी, तेलुगू आणि आपली मराठी. जंगल तोडून शेती करा, वस्ती करा, बेटावर आपली माणसं दिसली पाहिजेत, असा त्यामागचा विचार. म्हणजे साधारण त्याच वर्षांत काही फौजींना इंदिरानगरात घर मिळालं आणि काहींना इंदिरा पॉइंटच्या वाटेवर शेत. मी दोन्ही पाहिलीत. इंदिरानगरबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

२०१९ च्या फेब्रुवारीत कॅम्पबेल बेला आमच्या रेशनच्या साठ्याची तपासणी निघाली. कॅम्पबेल बे हे ग्रेट निकोबारचं मुख्य गाव, पूर्व किनाऱ्यावर. पोर्ट ब्लेअरपासून समुद्रमार्गे ५४० किलोमीटरच्या आसपास. हेलिकॉप्टर आहे, पण त्यात जागा मिळणं नशिबाचा भाग, आणि आजारी माणूस आला की तुम्ही उतरायचं. उतरायलाच हवं. मी जहाज मागून घेतलं. ज्या वाटेने माल जातो त्या वाटेने एकदा तरी स्वतः जावं, ही आमच्या खात्यातली जुनी शिकवण.

जहाज संध्याकाळी सुटलं. रात्री टेन डिग्री चॅनल लागतो. अंदमान आणि निकोबार यांच्यामधला दीडशे किलोमीटरचा उघडा समुद्र. त्यात जहाज असं हलतं की वरच्या डेकवरचे बकरेसुद्धा ओरडायचे थांबले. हो, बकरे. फौजी भाषेत एमओएच, मीट ऑन हूफ. जिथं शीतगृहाचा भरवसा नाही तिथं मटण चार पायांवर पाठवायचं. डेकवर आमचे बकरे, कोणाच्या तरी कोंबड्या, दोन मोटारसायकली, एक फ्रीज, सिमेंट, आणि या सगळ्याच्या मधून वाट काढत लोक. कार निकोबार, मग मधली छोटी बेटं, प्रत्येक ठिकाणी थोडी माणसं उतरतात, थोडी चढतात. दोन रात्री अशा गेल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे इंजिनाचा आवाज बदलला म्हणून मी वर गेलो.

तिथं उजाडतं लवकर. घड्याळ आपलंच, पण सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी हजर. फेब्रुवारीत सकाळी साडेपाचला उजेड आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार. समोर हिरव्या टेकड्या, त्यावर ढग अडकलेले. खाली नारळाची रांग, पांढरी वाळू, आणि त्या वाळूला चिकटून काँक्रीटचा धक्का. धक्क्यावर माणसंच माणसं. मला वाटलं कोणी मोठा साहेब येतोय. शेजारी उभा असलेला खलाशी म्हणाला, "साब, कोई नहीं. जहाज आया है, बस."

जहाज आलं, बस. हे वाक्य मला पुढचे पाच दिवस पुरलं.

आपण समुद्रकिनारा म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर गणपतीपुळे येतं. वाळूत बसायचं, भेळ खायची, पाण्यात पाय बुडवून फोटो. कॅम्पबेल बेची पुळण कामाची आहे. तिथं बसायला कोणी येत नाही. एका टोकाला धक्का आणि लाटा अडवणारा दगडी बांध, मधे मासेमारीच्या डोंग्या वर ओढून ठेवलेल्या, त्यांच्या सावलीत जाळी विणणारे तेलुगू कोळी, पलीकडे उलट्या घातलेल्या पिंपांची रास. पाण्यात पोहू नका, मगर आहे, अशी पाटी. खाऱ्या पाण्यातली मगर, समुद्रातून सहज फिरणारी. पाटीखाली दोन पोरं कमरेएवढ्या पाण्यात गळ टाकून उभी होती. मी ओरडलो तर एकजण म्हणाला, "अंकल, वो इधर नहीं आता, उधर आता." उधर म्हणजे शंभर पावलं.

माल उतरवणं हा माझ्या धंद्यातला भाग, म्हणून जरा थांबून सांगतो. जहाजाच्या पोटातून क्रेनने जाळीची झोळी वर येते, धक्क्यावर झुलत उतरते. झोळीत जे वर असेल ते शाबूत, जे तळाशी असेल त्याचा लगदा. त्यामुळे कोणती गोणी कुठे ठेवायची याचं एक शास्त्र आहे. बटाटा खाली चालतो, कांदा मधे, टोमॅटो पाठवूच नये. अंड्यांच्या पेट्या माणसानेच हाताने उतरवायच्या. माझ्यासमोर पहिली झोळी उतरली त्यात लाल जाळीच्या कांद्याच्या पिशव्या होत्या आणि एकीवर लासलगावचा शिक्का. विचार करा. नाशिक जिल्ह्यातून मद्रास, मद्रासहून तीनेक दिवसांचा समुद्र करून पोर्ट ब्लेअर, तिथं गोदामात मुक्काम, मग हे जहाज. त्या कांद्याने माझ्यापेक्षा जास्त प्रवास केला होता. पिशव्यांचा वास यायला लागला होता. मी हात घालून पाहिलं, दहातले तीन गेलेले. मैदानी मुलखात असा माल आला असता तर मी सहीच केली नसती. तिथं मी मुकाट्याने सही केली, कारण परत पाठवायचा म्हटला तरी याच जहाजाने, आणि पुढचं जहाज कधी हे समुद्राने ठरवायचं.

धक्क्यावर जमलेल्या प्रत्येकाचं जहाजात काहीतरी होतं. कोणाचं औषध, कोणाची सून, कोणाच्या पोराची वह्या-पुस्तकं, दुकानदाराचा माल. वीज डिझेलवर चालते, तेही जहाजातून. त्या गावात 'मेनलँड' हा शब्द आपण 'मुंबई' म्हणतो तसा म्हणतात. चांगली वस्तू मेनलँडची, हुशार डॉक्टर मेनलँडचा, सून शिकलेली असेल तर मेनलँडची. दोन तासांत धक्का रिकामा झाला. मग उलटा माल सुरू झाला. खोबऱ्याची पोती आणि सुपारी. वाळलेल्या खोबऱ्याचा तो गोडसर, खवट वास कपड्यांना बसतो आणि दोन धुण्यांत जात नाही. बेट बाहेरच्या जगाला एवढंच देतं, खोबरं आणि सुपारी. मासा भरपूर, पण बर्फ नाही आणि वाहन नाही, म्हणून सकाळी धरला तो संध्याकाळपर्यंत खाऊन संपवायचा. लंगरमध्ये पाचही दिवस सुरमई होती. तिसऱ्या दिवशी माझ्या हवालदाराने हात जोडून वरण मागितलं.

पुळणीच्या टोकाला एक निकोबारी माणूस आपली नाव घासत बसला होता. एकाच खोडाची, अरुंद, बाजूला तोल सांभाळायला आडव्या काठ्यांवर बांधलेला लाकडाचा ओंडका. मी हिंदीत विचारलं, "इसको क्या बोलते हो?" तो म्हणाला, "होडी." मला वाटलं, मी मराठी दिसतो म्हणून बोलला असेल. पण नाही, तिथं तिला होडीच म्हणतात. शब्द कोणी कोणाला दिला असेल देव जाणे. मी त्याला सांगितलं, आमच्याकडेही होडीच. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने मला घासायचा दगड दिला आणि दुसऱ्या बाजूला बसायला सांगितलं.

काका भेटले ते तिथंच. डोक्याला फडकं, खाकी हाफ पँट, वय ऐंशीच्या घरात. सुपारीचं पोतं चढवून झालं होतं आणि हिशेबाचा कागद घडी करून खिशात ठेवत होते. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि सरळ मराठीत म्हणाले, "कुठलं गाव म्हणायचं, साहेब?"

"खटाव तालुका."

"मग शेजारीच की. मी माणचा. दहिवडीच्या खालतीकडं."

ज्यांना सातारा जिल्हा माहीत आहे त्यांना सांगायला नको. माण म्हणजे दुष्काळ. चारा छावणी, टँकर, आटलेल्या विहिरी. आणि हा माणसाळलेला माणदेशी गडी वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या बेटावर पंचेचाळीस वर्षं राहतोय. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "आपल्याकडं पाऊस पाव्हणा. हितं घरातलाच, उठवला तरी जाईत न्हाई."

काका मराठा लाइट इन्फंट्रीतले. एकाहत्तरची लढाई करून नंतर पेन्शनवर आले. गावी वाटणीला आली ती जमीन एवढी की बैल वळवायला शेजाऱ्याच्या रानात जावं लागायचं. पलटणीत कोणीतरी सांगितलं, सरकार बेटावर जमीन देतंय. नकाशात शोधलं तर सापडेना. मद्रासला जहाजात बसेपर्यंत बायकोला खरं सांगितलं नव्हतं. "कोल्हापूरच्या पलीकडं हाय म्हणून सांगितलं. खोटं काय त्यात?"

उतरले तेव्हा समोर नुसतं जंगल. झाडं अशी की ऊन जमिनीला लागत नव्हतं. फौजेच्या रस्तेवाल्यांनी किनाऱ्याने दक्षिणेकडे रस्ता काढला, त्या रस्त्यावर एकेक गाव बसत गेलं. गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर. नावं ऐकून वाटतं पुण्याच्या पेठा मोजतोय. काकांना गांधीनगरच्या पुढे जमीन मिळाली. भात केला, नारळ लावला, सुपारी लावली. माकडं नारळ खायची, डुकरं भात खायची, उरलेलं आपण. दहा वर्षांनी नारळ धरला तेव्हा त्यांनी गावी पत्र लिहिलं की आता मी इथलाच. शेजारी पंजाबी सुभेदार, पलीकडे केरळचा नायक. गणपती काका बसवायचे, लोहरी सुभेदारांकडे, ओणम नायकाकडे, आणि तिन्हीला रम एकच, कॅन्टीनची.

दुसऱ्या दिवशी मला गाडीने दक्षिणेकडे जायचं होतं. काका म्हणाले, येतो. आमच्या ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

तो रस्ता सरळ इंदिरा पॉइंटपर्यंत जायचा, ५१ किलोमीटर. कॅम्पबेल बेपासून अंतर मोजतात आणि ठिकाणांना किलोमीटरनेच ओळखतात. आमच्या वेळी गाडी पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास थांबायची. पुढे रस्ता पाण्यात गेलेला. २६ डिसेंबर २००४, रविवार, सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुमात्राजवळ समुद्राखाली भूकंप झाला. ती जागा इथून दूर नाही. सुमात्रा इथून पोर्ट ब्लेअरपेक्षा कितीतरी जवळ. कार निकोबारच्या हवाईतळावर आपली शंभराहून जास्त माणसं गेली, जवान आणि त्यांची कुटुंबं, ते सगळ्यांना माहीत आहे. ग्रेट निकोबारला लाट तर आलीच, पण त्याहून विचित्र गोष्ट घडली. जमीन खाली बसली. इंदिरा पॉइंटला सव्वाचार मीटर, म्हणजे एका मजल्याहून जास्त. तिथला दीपस्तंभ १९७२ सालचा, कोरड्या जमिनीवर बांधलेला. तो पडला नाही, पण आज त्याच्या पायाशी समुद्र आहे. लाटेचं पाणी ओसरतं. बसलेली जमीन वर येत नाही.

हे पुस्तकात वाचणं वेगळं. काका गाडीतून उतरले, किनाऱ्याच्या कडेला उभे राहिले आणि बोट केलं. पाण्यात माडांची वाळलेली खोडं उभी होती, शेंडे नसलेली, ओळीत. ओळीत, कारण माणसाने लावलेली. "त्या तिसऱ्या रांगंच्या पलीकडं आमची हीर," म्हणाले. विहीर समुद्रात. मी फक्त "हं" म्हणालो. त्या दिवशी भूकंपात उभं राहता येईना म्हणून सगळे जमिनीला धरून बसले, मग समुद्राचा आवाज आला, मग टेकडीकडे पळाले. रस्ता तुटलेला, म्हणून जंगलातून चालत कॅम्पबेल बेला. घरातलं एक माणूस गेलं. कोण ते त्यांनी मला सांगितलं, मी इथं लिहीत नाही.

नंतरची काही वर्षं पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत गेली. विषुववृत्ताजवळ पत्र्याचं घर म्हणजे काय, ते राजस्थानात पत्र्याच्या बंकरमध्ये राहिलेल्यांना समजेल. त्यात इथल्या दमट हवेची भर घाला. मग कॅम्पबेल बेत कायमची घरं मिळाली. जमिनीचा जो तुकडा वर शिल्लक राहिला तिथली सुपारी काका अजून काढतात. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर, कधी ट्रकने, कधी कोणाच्या मागे बसून. बुडालेल्या जमिनीच्या कागदाला ते 'सातबारा' म्हणतात. अंदमानात सातबारा नसतो, कागद वेगळा असतो, पण मी दुरुस्त करायला गेलो नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला तो कागद त्यांनी मला दाखवला. शिक्का स्पष्ट, नाव स्पष्ट, चतुःसीमा लिहिलेल्या. पूर्वेला समुद्र. आता चारही बाजूंना समुद्र.

परतताना त्यांनी विचारलं, "पोरगी बंगलोरला म्हणालात. तिकडं जागंला काय भाव चाललाय?" मी इंदिरानगरचा भाव सांगितला.

"गुंठ्याला?"

"नाही काका. फुटाला. चौरस फुटाला."

ते बराच वेळ हसले. ड्रायव्हरही हसला. मग म्हणाले, "आमच्याच साहेब लोकांनी घेतली असंल." मी म्हटलं, हो, बऱ्याच जणांनी. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार माझ्या मनात होती आणि अजून आहे. ज्यांनी शहरात प्लॉट घेतले त्यांच्याबद्दल नाही. त्यांनीही नोकरीच केली आणि पैसे भरले. पण सैनिकाला देशाच्या टोकावर नेऊन बसवायचं, 'तुम्ही आहात म्हणून बेट आपलं' असं सांगायचं, आणि मग त्याचं शेत समुद्रात गेल्यावर त्याला इतर आपद्ग्रस्तांच्या रांगेत एक नंबर द्यायचा, हे मला पटत नाही. पोस्टवर ठेवलेल्या माणसाला रेशन पोहोचवत राहणं हा आमच्या खात्याचा धर्म आहे. काका माझ्या हिशेबाने अजून पोस्टवर आहेत.

इथं एक गोष्ट सांगितली नाही तर लेख अर्धा राहील. ती जमीन रिकामी नव्हती. किनाऱ्यावर निकोबारी होते, आत जंगलात शोंपेन. शोंपेन फार थोडे, २०११ च्या जनगणनेत अडीचशेसुद्धा भरले नाहीत, आणि बाहेरच्यांपासून लांबच राहतात. दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावरची निकोबारी गावं त्सुनामीत गेली. वाचलेल्यांना कॅम्पबेल बेजवळ राजीवनगरात आणून ठेवलं. होडी घासणारा तो माणूस तिथलाच. त्याच्याबरोबर दगड घासताना मी विचारलं होतं, इथं बरं आहे ना, धक्का जवळ, दवाखाना जवळ? तो म्हणाला, गावी परत जायचं आहे. पंधरा वर्षं तेच सांगतोय म्हणाला. त्याच्या जागेचा तर कोणाकडे कागदही नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायला. काकांना हे कळतं. "आधी त्यांचं, मग आमचं," असं ते एकदा बोलून गेले, आणि लगेच सुपारीच्या भावाकडे वळले.

शेवटच्या संध्याकाळी धक्क्याच्या टोकाला जाऊन बसलो. अंधार पडल्यावर कोळ्यांच्या डोंग्यांचे दिवे पाण्यावर लुकलुकायला लागले. काका म्हणाले, रस्ता होता तेव्हा पार खाली टोकाला गेलं की रात्री मोठ्या जहाजांचे दिवे दिसायचे, रांगेने जाणारे. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी वाट तीच, सिक्स डिग्री चॅनल. जगाचा मोठा बाजार दारावरून जातो आणि गावात बटाट्यासाठी जहाजाची वाट पाहतात.

मी निवृत्त झालो आणि दोनेक वर्षांतच वर्तमानपत्रांत ग्रेट निकोबार रोज यायला लागलं. गलाथिया खाडीत मोठं कंटेनर बंदर, गांधीनगर-शास्त्रीनगरच्या बाजूला विमानतळ, वीज केंद्र, नवं शहर. ७२ हजार कोटींचा आकडा. नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण खात्याची मंजुरी. ही गलाथिया म्हणजे जिथं मोठी चामडी पाठीची कासवं अंडी घालायला येतात ती. त्सुनामीच्या सकाळी त्या कासवांचा अभ्यास करणारे काही संशोधकही तिथंच गेले.

बंदर हवं की नको यावर माझ्यापेक्षा शिकलेली माणसं भांडत आहेत. पुरवठ्याचा माणूस म्हणून मला बंदराचं गणित समजतं. आपला माल कोलंबोत आणि सिंगापुरात उतरवून पुन्हा चढवायचा, यात पैसा जातोच. संरक्षणाचंही समजतं. आयएनएस बाज हा नौदलाचा हवाईतळ २०१२ पासून कॅम्पबेल बेला आहे, तो उगीच नाही. पण नकाशावर विमानतळाची रेघ जिथून जाते तिथं काकांची उरलेली सुपारी आहे, हेही मला माहीत आहे. आणि जंगल प्रकल्पाला किती द्यायचं तो आकडा वाचला की १३० चौरस किलोमीटर येतो. आमच्या सबंध बेटाच्या एक अष्टमांश. 'आमच्या' लिहून गेलो. राहू दे.

२०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून इंटरनेटची केबल आली, ती कॅम्पबेल बेपर्यंत पोहोचली. तेव्हापासून काका व्हिडिओ कॉल करतात. म्हणजे नातू करतो, काका फोन कानाला लावतात आणि मला त्यांचा कान दिसतो. मागच्या महिन्यात मी विचारलं, काका, जमिनीचं काय ठरलं? म्हणाले, मोजायला येऊन गेले, बैठक झाली, बोलायला एकाला दोन मिनिटं. "तुम्ही काय बोललात?"

"म्हटलं, घ्या. एकदा समुद्राला दिली, आता तुमाला देतो. पण या बारीला पैसं आधी. आन् नातवाला बंदरात काम. लिवून."

"लिहून दिलं?"

"न्हाई अजून."

मागून नातू ओरडत होता, आबा, चला. जहाज आठ दिवस उशिरा आलं होतं आणि धक्क्यावर रांग लागली होती. काकांनी फोन त्याच्या हातात दिला. त्याने मला क्षणभर पुळण दाखवली, डोंग्या, माणसं, क्रेनची झोळी खाली येताना. झोळीत लाल पिशव्या दिसल्या. मी ओरडून सांगितलं, तळाच्या घेऊ नका, वरच्या घ्या.